पाकवलेली साल : नाताळच्या एका जिनसाचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीची हकीकत असावी, आजवरच्या धर्मगुरूंची नामावली असावी, दात्यांचे आभार असावेत, हे सर्व यथायोग्यच होय. परंतु धर्मग्रामाचा इतिहास जसा वेदीपाशी घडतो तसाच तो चुलीपाशीही घडत असतो, आणि चुलीपाशी घडलेला इतिहास कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एका अगदी लहान जिनसाचा विचार करण्याचे योजिले आहे. संत्रे, लिंबू, पपनस, महाळुंग यांची साल साखरेच्या पाकात मुरवून, वाळवून, बारीक चिरून आपण नाताळच्या केकमध्ये घालतो. बाजारात तिला ‘पील’ असे नाव पडले आहे. आगमनकाळ लागला की आपल्या घराघरांतून या सालींचा सुगंध दरवळू लागतो.

हा विषय निवडण्यास कारण असे की, या पदार्थाविषयी एक वाक्य वारंवार कानी पडते : “हे तुमचे साहेबी खाणे.” शेजारी हे थट्टेने म्हणतात आणि आपली तरुण मंडळी ते खरे मानून चालतात. ‘साहेबी’ या शब्दाच्या पोटात दुसरा एक शब्द दडलेला असतो, तो म्हणजे ‘परका’. पदार्थ परका, सण परका आणि सण पाळणारी माणसेही थोडीफार परकी! तेव्हा ही साल खरोखर कोठली, तिला पाकवण्याची विद्या कोणाची आणि ती आपल्या ताटात कोणत्या वाटेने आली, हे एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे. या शोधासाठी उभे राहण्यास एक जागा हवी. ती जागा आम्ही दासगाव ही घेतली आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

खाडीकाठचे गाव

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढे दासगावापाशी तिच्यात समुद्राची भरती खेळू लागते. तेथून बाणकोटापर्यंत ती नदी न राहता खाडीच होते. महाड ही घाटावर जाणाऱ्या मालाची पेठ, आणि दासगाव हे त्या पेठेचे बंदर. इ. स. १७५५ मध्ये इंग्रजांनी बाणकोट घेतले आणि त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. पुढील वर्षी, म्हणजे १७५६ साली, पेशव्यांशी झालेल्या तहाने बाणकोटाबरोबर जी गावे इंग्रजांकडे गेली त्यांत दासगाव हे एक होते. येणेप्रमाणे मराठी मुलुखात इंग्रजी अंमलाखाली फार लवकर गेलेल्या गावांत या लहानशा बंदराची गणना होते. पुढे मुंबईच्या आगबोटी येथवर येऊ लागल्या. आज बोटी येत नाहीत. माणसे व माल महामार्गाने जातात. परंतु घाटाखालच्या या टापूत बाहेरच्या जगाचा माल कसा शिरला हे पाहावयाचे तर दासगावच्या धक्क्यावरच उभे राहिले पाहिजे.

या भागात कॅथलिक घरे फार नाहीत. जी आहेत ती मुंबई, वसई, गोवे येथील आप्तांशी सणावाराने बांधलेली आहेत. तथापि पदार्थाचा इतिहास पाहण्यास घरांची संख्या मोठी असावी लागत नाही. परसात एक लिंबाचे झाड आणि फडताळात एक बरणी असली की पुरे.

ज्युबिली या शब्दाचा अर्थ

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवणे बरे. ‘ज्युबिली’ हा शब्द हिब्रू ‘योबेल’ यावरून आलेला आहे आणि त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग. जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, दर ५० व्या वर्षी शिंग फुंकावे, दास झालेल्यांस मुक्त करावे आणि ज्याची वतनभूमी त्यास परत द्यावी. अर्थात ज्युबिली हा नुसत्या आनंदाचा सोहळा नसून परतफेडीचे वर्ष आहे. ज्याचे त्यास मिळाले की नाही, हा प्रश्न त्या वर्षी विचारावयाचा असतो.

त्याच पुस्तकात दोनच अध्याय मागे, २३ व्या अध्यायात, मंडपांच्या सणासाठी सुंदर वृक्षाचे फळ हाती घेण्याची आज्ञा आहे. यहुदी परंपरेने हे फळ म्हणजे महाळुंग असे ठरविले आणि आजही यहुदी लोक त्या सणात महाळुंग हाती धरून प्रार्थना करतात. ज्युबिली आणि महाळुंग ही दोन्ही एका पुस्तकात इतकी शेजारी असावीत, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटला, आणि तेथूनच या लेखास आरंभ झाला.

फळाचे माहेर

इ. स. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात जगातील लिंबूवर्गीय झाडांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून विद्वानांनी असे दाखविले की, या सर्व कुळाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर ब्रह्मदेश व चीनचा युनान प्रांत या टापूत, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचे असावे. महाळुंग, पपनस आणि मँडरिन जातीचे संत्रे हे या कुळाचे मुख्य पूर्वज होत. पपनस व मँडरिन यांच्या संकरातून पाश्चात्त्यांचे ऑरेंज निपजले. कडू नारिंग व महाळुंग यांच्या संकरातून त्यांचे मोठे पिवळे लिंबू निपजले. म्हणजे ज्या फळांस आपण साहेबाची फळे समजतो, त्यांचे आजोळ आपल्याच पूर्वेच्या डोंगरात आहे.

शब्दांचीही साक्ष हीच आहे. संस्कृत ‘नारंग’ फारसीत तसेच राहिले, अरबीत ‘नारंज’ झाले, स्पेनमध्ये ‘नारांखा’, पोर्तुगालमध्ये ‘लारांजा’ आणि इंग्लंडात ‘ऑरेंज’. महाळुंग हे संस्कृत ‘मातुलुंग’. सुश्रुताने या मातुलुंगाची साल कडू व पचण्यास जड, परंतु वात, कृमी व कफ यांवर गुणकारी अशी वर्णिली आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती महाळुंग आहे, आणि महाळुंगे नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. गोव्यात पपनसास ‘तोरंज’ म्हणतात. फारसी ‘तुरंज’, पोर्तुगीज ‘तोरांजा’ आणि हा ‘तोरंज’ ही एकाच घरची भावंडे; गोव्यातील आपले हिंदू बांधव चतुर्थीच्या माटोळीस हेच फळ बांधतात. मोसंबीने मात्र आपले नाव दूरच्या मोझांबिकावरून घेतले आहे. फळे गेली, नावे बदलून परत आली, आणि परत आलेल्यांस आपण ओळखले नाही, असा हा प्रकार आहे.

साखरेचा प्रवास

फळाविषयी जे खरे तेच साखरेविषयीही खरे. सिकंदराचा सेनापती नेआर्कस याने हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारा वेत पाहिला, असे ग्रीक ग्रंथकारांनी नमूद केले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा असे उसापासून होणारे प्रकार मोजले आहेत. यांतील ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ व अरबीत ‘सुक्कर’ होऊन साऱ्या युरोपात पसरली. ‘खंड’, म्हणजे आपली खांड, फारसीत ‘कंद’ झाली, अरबीत ‘कंदी’ झाली आणि इंग्रजीत ‘कँडी’. तेव्हा एखाद्या पुड्यावर ‘कँडीड पील’ असे छापलेले दिसले, तर त्या परक्या भासणाऱ्या नावात आपल्या वाण्याच्या दुकानातील खांडच बोलत आहे असे समजावे. ‘मुरंबा’ हा शब्द अरबी ‘मुरब्बा’ यावरून आला. त्याचा अर्थ जोपासलेले, वाढविलेले. फळ साखरेत जोपासावयाचे, ही कल्पनाच किती वत्सल आहे!

आता कोणी म्हणेल, फळ आपले आणि साखर आपली हे मान्य. परंतु दोहोंचा संयोग करण्याची युक्ती तरी पोर्तुगीजांची असेल. तीन प्रवाशांची साक्ष या बाबतीत पुरेशी आहे. पहिला दुआर्ते बार्बोझा. या पोर्तुगीज अंमलदाराने इ. स. १५१६ च्या सुमारास आपले वृत्त लिहिले. त्यात आपल्या चौल व दाभोळ बंदरांचीही वर्णने आहेत. बंगालविषयी तो लिहितो की, तेथे आले, नारिंगे, लिंबे व देशातील इतर फळे साखरेत घालून फार उत्तम मुरंबे करतात. पोर्तुगीजांनी बंगालात वस्ती करण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. दुसरा साक्षीदार बाबर बादशहा. हिंदुस्थानच्या फळांविषयी तो सहसा चांगले बोलत नाही; तथापि गोड जातीचे महाळुंग खाण्यास निरुपयोगी असले तरी त्याची साल मुरंब्यास बरी, एवढे तोही कबूल करतो. तिसरा फ्रेंच वैद्य बर्निए. तो १६६५-६६ च्या सुमारास बंगालात होता. पोर्तुगीज वस्तीच्या ठिकाणी मोठी महाळुंगे, आंबे, अननस, लिंबे, आले इत्यादींचे मुरंबे करण्यात पोर्तुगीज निपुण असून त्यांचा मोठा व्यापार चालतो, असे त्याने लिहून ठेविले आहे. बार्बोझा व बर्निए यांची वृत्ते शेजारी ठेवली असता हे स्पष्ट होते की, ही विद्या येथे पूर्वीच होती. पोर्तुगीजांनी तिच्यात आपले कसब मिळविले आणि तिचा व्यापार वाढविला.

त्यांचे कसब कोठून आले? अरबांनी ऊस, नारिंग व लिंबू ही तिन्ही पश्चिमेस नेली आणि स्पेन व सिसिली येथे लावली. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदैरा बेटावर उसाचे मळे केले आणि तेथील पाकवलेली महाळुंगाची साल युरोपच्या राजदरबारांत नावाजली गेली. इ. स. १४९३ मध्ये कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत ऊस व नारिंगाचे बी अटलांटिकपलीकडे नेले. येथपर्यंत कथा गोड आहे. परंतु पुढे त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले दास राबविले गेले, आणि मदैरापासून ब्राझील व कॅरिबियन बेटांपर्यंत साखरेचा इतिहास हा दास्याचा इतिहास झाला. राबविणारे बहुतेक ख्रिस्ती होते, हे आपण झाकून ठेवू नये. ज्युबिलीच्या शिंगाचा नाद त्यांच्या कानी गेला नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही परंपरा गोवे, चौल व वसई या वाटांनी उतरली. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाची स्थापना १६०६ साली झाली. तेथील भगिनी मिठाईच्या कलेत कुशल होत्या अशी गोव्याची परंपरा सांगते. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी आप्पांनी ती जिंकल्यावर राज्य गेले, परंतु वसईच्या ख्रिस्ती समाजाने आपला धर्म सोडला नाही आणि मराठीही सोडली नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातच, कोर्लईच्या किल्ल्याखालील वाडीत, पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणाची बोली आजही बोलली जाते. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. पाव, अननस, पपई, काजू, बटाटा हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले, आणि आज त्यांस कोणी परके म्हणत नाही. केक मात्र इंग्रजांच्या चालीने आला. १८८३ साली तेल्लिचेरीच्या मांबळी बापू यांनी भाजलेला केक हा हिंदुस्थानातील पहिला नाताळचा केक म्हणून सांगितला जातो. तेव्हा न्याय करावयाचा तर असा : केकची चाल विलायती, सणाचे नाव पोर्तुगीज, परंतु केकमधील साल ही माहेरवाशीण आहे.

दासगावच्या धक्क्यावरील मोरस

आता आपल्या धक्क्यावर परत येऊ. जुन्या माणसांच्या तोंडी पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ असे नाव होते. हा शब्द मॉरिशस बेटावरून पडला. एकोणिसाव्या शतकात तेथील शुद्ध केलेली साखर मुंबई बंदरात येई आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणच्या पेठांत पसरे. ती साखर कोणाच्या घामाने पिकली होती? इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद होताच १८३४ पासून हिंदी मजूर करारावर मॉरिशसला नेले जाऊ लागले. त्यांत कलकत्ता व मद्रास यांप्रमाणे मुंबई बंदरातूनही माणसे गेली, आणि मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणची माणसे पुष्कळ होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसात मराठी म्हणून ओळखले जातात आणि आपले सण पाळतात.

अर्थात कोकणचा मनुष्य बोटीने गेला आणि त्याच्या श्रमाची साखर गोणीत भरून कोकणात परत आली. गोणी उतरली, मनुष्य बहुधा उतरला नाही. ज्या गृहिणीने त्या मोरस साखरेचा पाक केला असेल, तिला ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही. आपणांस ती ठाऊक आहे. म्हणून बरणीचे झाकण उघडताना त्या माणसांचे क्षणभर स्मरण करणे, हे आपल्याकडून होण्याजोगे आहे.

कृती

इतिहास सांगून कृती न सांगणे म्हणजे पाहुण्यास उंबऱ्यावरून परत धाडणे होय. तेव्हा घरात चालणारी कृती थोडक्यात देतो.

नागपूरच्या बाजूची आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत बाजारात येतात. पपनसे तत्पूर्वीच हाती लागतात. पाऊस सरून ऊन स्वच्छ पडलेले असते. सालीस हा काळ उत्तम. फळ जाड सालीचे व बिनडागी घ्यावे. आजकाल बाजारातील फळांवर मेण व औषधे असतात. म्हणून ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत. परसातील फळ मिळाले तर त्यासारखे दुसरे नाही. साल चार फाकांत सोडवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. पपनसाचा पांढरा गर फार जाड असल्यास थोडा कापून टाकावा.

या पट्ट्या मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवाव्यात. सकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात १० ते १५ मिनिटे उकळाव्यात, पाणी ओतून द्यावे, पुनः ताजे पाणी घालून उकळाव्यात. संत्र्यास तीन पाणी पुरतात. लिंबास व पपनसास चार-पाच लागतात. पपनसाच्या पट्ट्या दर वेळी हलक्या हाताने पिळाव्यात, कारण तो गर स्पंजासारखा कडू पाणी धरून ठेवतो. शेवटच्या पाण्यात साल इतकी मऊ व्हावी की, नख सहज रुतावे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण साखर लागल्यावर साल पुढे मऊ होत नाही, उलट ताठर होते.

उकडलेली साल अर्धा किलो भरली तर साखर पाऊण किलो घ्यावी. त्यातील निम्मी साखर अर्धा लिटर पाण्यात विरघळवून उकळावी, त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळावा आणि साल घालून मंद आचेवर ५ ते १० मिनिटे शिजवून झाकून ठेवावी. भांडे स्टीलचे, अथवा पितळी असल्यास नीट कल्हई केलेले असावे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो व अपाय करतो. दुसऱ्या दिवशी साल काढून पाकात उरलेल्या साखरेचा पाचवा हिस्सा घालून उकळी आणावी व साल पुनः सोडावी. असे पाच दिवस करावे. शेवटी पाक मधासारखा दाट होतो आणि साल काचेसारखी पारदर्शक दिसू लागते. दोन दिवस तशीच मुरू द्यावी, मग चाळणीवर निथळून, मलमलीच्या फडक्याखाली हात लावता चिकटणार नाही इतकी वाळवावी, साखरेत घोळवावी आणि कोरड्या बरणीत भरावी. उरलेला पाक टाकू नये. सरबतास व केकला तो फार सुगंध देतो.

अनेक जण घाई करून पहिल्याच दिवशी दाट पाक ओततात आणि साल आक्रसून चामड्यासारखी झाली म्हणून हळहळतात. त्याचे कारण असे की, दाट पाक सालीतील पाणी झपाट्याने ओढून घेतो आणि तेवढ्या वेगाने साखर आत शिरू शकत नाही. पाक दिवसादिवसाने वाढविला म्हणजे पाणी हळूहळू बाहेर येते व साखर हळूहळू त्याची जागा घेते. साखरेचे प्रमाण पुरेसे वाढले की बुरशीस जगण्याजोगे पाणीच उरत नाही, म्हणून हा जिन्नस महिनोन्महिने टिकतो. लिंबाच्या रसाने साखरेचे खडे जमत नाहीत. या साऱ्या गोष्टी रसायनशास्त्राने पुढे समजावून सांगितल्या. आपल्या आज्या त्या हाताने जाणत होत्या.

पाण्याची गोष्ट

वाचकांच्या लक्षात आले असेल की, या कृतीत साखरेइतकेच पाणी लागते. कडूपणा साखरेने जात नाही. कितीही साखर घातली तरी कडू साल कडूच राहते. कडूपणा काढते ते पाणी, आणि तेही पुनःपुनः दिलेले ताजे पाणी. ज्या घरी पाणी मुबलक नाही त्या घरी हा पदार्थ होऊच शकत नाही. आणि येथे दासगावचे नाव घेण्याचे खरे कारण येते.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्याबद्दल त्या लोकांस मारहाण झाली आणि नंतर तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत त्यावर माणसाने ओंजळ भरली म्हणून ते बाटले! पुढे डिसेंबरात पुनः परिषद भरविण्याचे ठरले. मुंबईहून निघालेली ‘पद्मावती’ बोट डॉ. आंबेडकरांना व त्यांच्या सहकाऱ्यांना घेऊन दासगाव बंदरास लागली. हजारो सत्याग्रही धक्क्यावर वाट पाहत उभे होते. तेथून ते सुमारे पाच मैल चालत महाडास गेले. परिषदेसाठी महाडात कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बोट दासगावला लागली तो दिवस होता २५ डिसेंबर १९२७.

नाताळचा दिवस! त्या दिवशी मुंबईत, वसईत, गोव्यात आपल्या वाडवडिलांनी पहाटेची मिस्सा ऐकली असेल, ताटे सजविली असतील, शेजारी पाठविली असतील. ज्या बाळास उतारशाळेत जागा मिळाली नाही त्याचा जन्म ते साजरा करीत होते. आणि त्याच दिवशी या खाडीच्या धक्क्यावर पाण्याच्या घोटासाठी माणसे उतरत होती. त्या रात्री महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. दिवाणी दाव्याचा मनाई हुकूम असल्याने सत्याग्रह तहकूब झाला, आणि तळे सर्वांचे आहे हा मुंबई हायकोर्टाचा निर्णय होण्यास १७ मार्च १९३७ उजाडले. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे!

हे सांगून आम्ही शेजाऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवीत आहोत असे कोणी समजू नये. गोव्यातील कित्येक ख्रिस्तमंदिरांच्या कोंफ्रारिया जातीजातींत वाटलेल्या होत्या. सोयरीक जुळविताना, अगदी नाताळचे ताट कोणाकडे पाठवावयाचे व कोणाकडे नाही हे ठरवितानाही, आपल्याकडे काही कमी भेद पाळले गेले नाहीत. बाप्तिस्म्याचे पाणी एक आणि विहिरीचे पाणी निराळे, ही गोष्ट प्रभूस मान्य होईल काय? वरून गोडवा पुष्कळ ओतला, परंतु आतला कडवटपणा काढण्यास जे पाणी पुनःपुनः द्यावे लागते ते देण्याचा आपण कंटाळा केला.

उपसंहार

प्रारंभी जो प्रश्न घेतला होता त्याचे उत्तर आता देता येईल. ही साल परकी नाही. तिचे फळ येथले, तिची साखर येथली, तिला पाकवण्याची विद्याही येथे जुनी; सातासमुद्रांचा फेरा करून, नवी नावे धारण करून ती आपल्या घरी परत आली, इतकेच. तिच्या येण्याच्या वाटेवर अरबांचे शेत आहे, पोर्तुगीजांचे गलबत आहे, मठातील भगिनींची कढई आहे, आफ्रिकेतील दासांच्या पायांतील बेडी आहे आणि मॉरिशसला गेलेल्या कोकणी माणसाचा घाम आहे. यांतील काहींचा आपण अभिमान धरू शकतो, काहींची लाज वाटली पाहिजे. आणि दोन्ही गोष्टी एकाच बरणीत आहेत.

तसेच हेही विसरू नये की, साल म्हणजे फळाचा टाकून देण्याचा भाग. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला, हे वचन आपण मंदिरात ऐकतो. घरात ते या सालीच्या रूपाने पाहतो. लोक ज्यास केरात टाकतात त्यास आपण पाणी देतो, वेळ देतो, धीराने जोपासतो, आणि सणाच्या दिवशी तेच सर्वांत सुगंधी ठरते. माणसांच्या बाबतीत आपण एवढे केले, तर आपल्या ज्युबिलीचे शिंग खऱ्या अर्थाने वाजले असे म्हणता येईल.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि घरेच्या घरे माणसांसह मातीखाली गेली. अशा वर्षी दुःखाच्या घरी सण होत नाही, कढई चढत नाही. आपल्या मुलुखाची रीत अशी की, त्या घरी शेजाऱ्यांनी ताट न्यावे. ही रीत हिंदूंची, मुसलमानांची, बौद्धांची, ख्रिस्त्यांची, सर्वांचीच आहे. म्हणून या ज्युबिलीच्या वर्षी आमची आपणांस एवढीच नम्र विनंती आहे : आगमनकाळ लागताच घरी साल पाकवावी, मुलींना व मुलांनाही हाताशी घेऊन शिकवावी, आणि पहिले ताट, ज्या घरी आजवर आपले ताट कधीच गेले नाही, त्या घरी पाठवावे. तेथे कोणी “हे साहेबी खाणे” असे म्हणाले, तर ओट्यावर बसून त्यांस ही सारी हकीकत सांगावी. आणि आधी त्यांच्या घरचे पाणी मागून प्यावे.